जुन्या फलकांवर नवी शीट: हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याच्या कामाविषयी

रस्त्यावरचा वाहतूक फलक निकामी ठरतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा शाबूतच असतो. गेलेली असते ती वरची परावर्तक शीट, म्हणजे बाजारातले रेडियम. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही आणि त्या उन्हात लाल छपाई आधी विटते, मग शीटला बारीक तडे जातात व रात्री हेडलाइटचा झोत पडूनही फलक काळाच दिसतो. असे फलक भंगारात न काढता त्यांच्याच पत्र्यावर नवी शीट चढवून देण्याचे काम हिंगणा एमआयडीसीतील एक कारखाना करतो. शहरालगतच्या आमच्या लहान नगरपरिषदेने ते त्यांच्याकडून करून घेतले.

जुनी शीट काढणे हाच यातला सर्वांत कष्टाचा भाग आहे. येथे गरम हवेने शीट मऊ करून ती पातीने सोलतात, उरलेला गोंद द्रावकाने पुसतात आणि पत्रा घासून धुतात. त्यानंतर ओल्या पत्र्यावरचे पाणी पाहिले जाते: ते सलग पसरले तर पत्रा स्वच्छ, थेंब होऊन तुटले तर तेलकटपणा शिल्लक. कळमेश्वर आणि सावनेर ही नावे असलेला आमचा मोठा फलक या तपासणीत नापास होऊन पुन्हा धुण्यास गेला, तेव्हा कारखान्यावरचा माझा विश्वास वाढला. काही रेडियमवाले जुन्या शीटवरच नवी चिकटवून देतात. ते स्वस्त पडते खरे, परंतु खालची सुटली की वरचीही तिच्यासोबत येते. एसीपीचे (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलचे) फलक मात्र हा कारखाना घेत नाही आणि ते योग्यच आहे, कारण दोन पातळ पत्र्यांमधला प्लॅस्टिकचा गाभा ही उष्णता सोसत नाही.

शीट कोणती लावायची, हे आपण लेखी ठरवून द्यावे. टाइप 4 या दर्जाच्या पांढऱ्या शीटची किमान परावर्तनक्षमता 360 कँडेला प्रति लक्स प्रति चौरस मीटर असते, टाइप 11 ची 580. वस्तीतल्या रस्त्यांना पहिली पुरते, असे माझे मत आहे. वेगाच्या रस्त्यावर मात्र दुसरीचा जास्तीचा खर्च टाळू नये.

बचत होते का? होते, पण सरसकट नाही. सोलणे, धुणे आणि शीट बसवणे यांची मजुरी लहान फलकालाही सुटत नाही, तर वाचणारा पत्रा मात्र हातभरच असतो. त्यामुळे त्रिकोणी इशारा फलक आणि वेगमर्यादेचे गोल फलक नवेच घेतलेले परवडतात. मोठ्या दिशादर्शक फलकांचे गणित उलटे आहे, कारण तेथे किमतीचा मोठा वाटा पत्रा आणि त्यामागच्या चौकटीचा असतो. हिशेब करताना जुन्या ॲल्युमिनियमला लिलावात आली असती ती भंगाराची किंमत बचतीतून वजा करावी लागते. आमच्या पहिल्या टिपणीत लेखा विभागाने नेमका हाच आक्षेप घेतला होता. तो आकडा वजा केल्यावरही मोठ्या फलकांवर बचत उरली.

तक्रारीही आहेत. मजकुराचा नमुना मंजुरीसाठी न पाठवताच अक्षरे कापली गेली आणि एका फलकावर ‘कळमेश्वर’मधला ‘ळ’ चक्क ‘ल’ होऊन आला. चूक त्यांनी विनामूल्य दुरुस्त केली, पण फलक पुन्हा उतरवण्याचा खर्च आमच्या माथी बसला. जुन्या रिव्हेटची छिद्रे बुजवण्याचा आग्रह आम्हालाच धरावा लागला. खांबाचे काळे-पांढरे पट्टे दरात धरलेले नाहीत, हे देयक हाती आल्यावर कळले. शिवाय लेखी हमी केवळ शीट सुटण्यापुरती आहे, रंग विटण्यासाठी नाही, आणि विदर्भात खरी भीती रंगाचीच. शीट बनवणाऱ्या कंपनीचे हमीपत्र मूळ प्रतीत मागून घ्यावे.

फलक कारखान्यात असेपर्यंत त्या जागी लावायला पर्यायी फलक मिळत नाही. दिशादर्शक फलकाविना काही दिवस निभावते, पण ‘थांबा’ किंवा ‘पुढे शाळा’ हे फलक एक रात्रही काढून ठेवता येत नाहीत. म्हणून पुढील वेळी आम्ही केवळ मोठे दिशादर्शक फलक, तेही एका रस्त्याचे झाल्यावर दुसऱ्याचे, असे टप्प्याने पाठवणार आहोत आणि मजकुरावर मुख्याधिकाऱ्यांची सही झाल्याशिवाय कापणी सुरू करू नये, ही अट कार्यादेशातच घालणार आहोत.