किट लेन्सवर पैशांचं काम: सोनी १६-५० पुरते का, की एफ/२.८ घ्यावीच लागते?

सोनीचा झेडव्ही-ई१० किंवा ए६४०० कॅमेरा किटमध्ये घेतला की सोबत १६-५० एमएम, एफ/३.५-५.६ लेन्स येते. (एफचा आकडा म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त.) लग्नाची, मुलाखतींची कामं मिळायला लागली की 'आधी ही लेन्स बदल' असं जो तो सांगतो. बदलायचीच तर याच माउंटवर (कॅमेऱ्याला लेन्स बसते त्या जोडावर) सिग्मा १८-५० एफ/२.८ आणि टॅमरॉन १७-७० एफ/२.८ या दोन्ही चांगल्या आहेत. पण आधी तुमचं काम कुठल्या उजेडात चालतं ते बघा. शार्पनेसची काळजी एवढ्यात नको. ४के व्हिडिओची एक फ्रेम सुमारे ८३ लाख पिक्सेलची असते आणि किट लेन्सचा मधला भाग तेवढं आरामात देतो. कडा जरा मऊ राहतात, ते ग्राहकाच्या लक्षात येत नाही.

खरी अडचण येते मंगल कार्यालयात. झूम करत ५० एमएमवर गेलात की किट लेन्स एफ/५.६ वर येते. एफ/२.८ च्या तुलनेत सेन्सरवर पडणारा उजेड थेट पाव होतो. फोटोत शटर कमी करून निभावतं, पण सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत शटर १/५० सेकंद ठेवावं लागतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/५० किंवा १/१०० सोडलं की ट्यूब आणि स्वस्त एलईडी फ्लिकर मारतात, म्हणजे व्हिडिओत लुकलुकतात. मग आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवण्याशिवाय मार्ग उरत नाही. सिग्मावर जिथे १६०० ला भागतं, तिथे किटवर ६४०० लागतो. नॉइज (चित्रातले दाणे) आधी दिसतो तो नवऱ्या मुलाच्या काळ्या कोटात, केसांत आणि मांडवाच्या कोपऱ्यात. डीनॉइज केलं की शालूचं जरीकाम पुसट होतं. त्यात भर म्हणजे मंगलाष्टका चालू असताना झूम केलं तर अ‍ॅपर्चर बदलून चित्र मधेच काळवंडतं. उपाय सोपा आहे: मॅन्युअल मोडमध्ये अ‍ॅपर्चर सुरुवातीलाच ५.६ वर लॉक करा, म्हणजे निदान एक्स्पोजर हलणार नाही. आणि कॅमेरा मधे बंद करू नका. चालू करताच लेन्स पुन्हा १६ वर येते आणि लावलेली फ्रेम जाते.

मुलाखती, कोर्सचे व्हिडिओ, प्रॉडक्ट शूट करत असाल तर हीच लेन्स पुरते, आणि हे आम्ही ठामपणे सांगतो. ५० एमएम, एफ/५.६, माणूस २ मीटरवर: फोकसमधला पट्टा सुमारे ३६ सेंटिमीटर मिळतो. एफ/२.८ ला तो १८ वर येतो. बोलता बोलता पुढे-मागे झुकणाऱ्या माणसासाठी ३६ सेंटिमीटर जास्त सोयीचे. मागचं धूसर हवं असेल तर माणसाला भिंतीपासून तीनेक मीटर पुढे बसवा. लेन्सचे पैसे आधी दोन बऱ्या लाइटवर आणि कॉलर माइकवर घाला.

दिवसा बाहेर तिन्ही लेन्सना एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लागतोच. रणरणत्या उन्हात आयएसओ १०० आणि १/५० ला एफ/२२ लागेल, आणि एफ/११ च्या पुढे चित्र मऊ पडायला लागतं. एफ/५.६ वर राहायचं तर एनडी१६, म्हणजे उजेड सोळाव्या भागावर आणणारा फिल्टर हवा. किटचा फिल्टर ४०.५ एमएमचा, सिग्माचा ५५, टॅमरॉनचा ६७. म्हणून व्हेरिएबल एनडी (फिरवून गडदपणा कमी-जास्त होणारा) एकदाच ६७ चा घ्या आणि बाकी दोन्हींना मोठा फिल्टर बसवणारी स्टेप-अप रिंग लावा. व्हेरिएबल एनडी शेवटच्या टोकापर्यंत फिरवू नका, १६ एमएमवर फ्रेममध्ये काळी फुली उमटते.

हातात धरून शूट करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट बघावी. झेडव्ही-ई१० आणि ए६४०० या दोन्ही कॅमेऱ्यांच्या बॉडीत सेन्सर स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं सावरणारी सोय) नाही. लेन्समधली तीच सोय किटमध्ये ओएसएस नावाने आहे, टॅमरॉनमध्ये व्हीसी नावाने आहे, सिग्मात काहीच नाही. सिग्मा घ्यायची म्हणजे गिंबल (मोटरने कॅमेरा स्थिर ठेवणारी दांडी) किंवा मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) धरूनच बजेट करा. झेडव्ही-ई१० चा अ‍ॅक्टिव्ह मोड मदतीला येतो, पण फ्रेम छाटतो. टॅमरॉन ५२५ ग्रॅमची, म्हणजे झेडव्ही-ई१० पेक्षाही जड. लहान गिंबलवर पुढचं तोंड खाली जातं. सिग्मा सुमारे २९० ग्रॅम, किट ११६. किट गिंबलवर लावताना कॅमेरा चालू करून नळी बाहेर आल्यावरच बॅलन्स करा, नाहीतर मोटर विनाकारण ताणते.

हळदीच्या शूटला आणि जेजुरीच्या भंडाऱ्यात किट लेन्स जपून वापरा. तिची आत-बाहेर होणारी नळी पूड आत ओढते आणि सील कुठेच नाही. टॅमरॉनला ओलाव्यापासून संरक्षण आहे, सिग्माला फक्त माउंटपाशी रबर.

महिन्यातून दोन-चार संध्याकाळची लग्नं आणि जवळ गिंबल असेल तर सिग्मा घ्या. एकटेच हातात कॅमेरा धरून फिरता, लांबून विधी टिपता, तर टॅमरॉनचे ७० एमएम आणि व्हीसी उपयोगी पडतील. वर्षाकाठी अशी एखाद-दोनच कामं येत असतील तर किट ठेवा आणि त्या दिवसापुरती एफ/२.८ भाड्याने आणा. भाड्याचा आकडा कोटेशनमध्येच धरा आणि लेन्स आदल्या संध्याकाळी आणा, म्हणजे ऑटोफोकस आणि गिंबलचा बॅलन्स घरीच तपासता येईल.