उघडून न दाखवलेले शॉकअप

माझी पल्सर 180 ही 2005 सालची आहे. वाईहून पाचगणीला नोकरीसाठी जाताना ती मी रोज पसरणी घाटातून चढवतो आणि उतरवतो. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी तिने पार पाडली, इंजिनाचे बोअरचे काम एकदा करून झाले, पण पुढचे शॉकअप मात्र पार थकले होते. ब्रेक दाबला की गाडीचे तोंड पायरी चुकल्यासारखे खाली जाई, खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येई आणि मागे पत्नी बसली की मागचे शॉकअप तळाला टेकत. ही दुरुस्ती मी जुन्या सुट्या भागांवर भागवायला गेलो आणि त्यात कसा फसलो, ते येथे सविस्तर लिहीत आहे. फसवणारा कसबी होता हे खरे, पण त्याच्या कसबाला माझ्या घाईने जी साथ दिली तीही लपवण्यात अर्थ नाही.

2009 साली पल्सर 180 ला मोठ्या पल्सर 220 सारखे फोर्कचे, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या जोडीचे, 37 मिलिमीटर जाडीचे पाइप मिळाले. त्याआधीच्या गाड्यांचे पाइप बारीक असल्याने घाटात जोराचा ब्रेक लावला की पुढचा भाग किंचित वळवळतो, आणि म्हणून जुन्या पल्सरला हा जाड फोर्क बसवण्याची हौस अनेकांना असते. केवळ दोन पाइप आणून हे काम होत नाही. वरची आणि खालची टी (दोन्ही पाइप धरून ठेवणारे जोड), एक्सल, मडगार्ड, कॅलिपरचा (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्रॅकेट असे सगळे एकाच गाडीचे मिळाले तरच मापे जुळतात. नेमक्या या अडचणीमुळे माझ्यासारखा गिऱ्हाईक 'पूर्ण सेट' या दोन शब्दांना भुलतो. सुटे भाग घेणारा माणूस प्रत्येक भाग हातात घेऊन फिरवून पाहतो. सेट घेणारा मात्र सगळे आहे ना, एवढेच मोजतो.

जाहिरातीत लिहिले होते की इंजिन जाम झालेल्या 220 चा पुढचा पूर्ण सेट आणि मागचे गॅसचे दोन शॉकअप विकणे आहेत, गाडी अवघी आठ हजार किलोमीटर चाललेली आहे. पुण्याच्या एका उपनगरात पत्र्याच्या शेडमध्ये मी ते पाहायला गेलो. विक्रेता तिशीतला, बोलायला अतिशय नम्र होता. त्याने पहिल्याप्रथम स्वतः होऊन सेटमधला दोष दाखवला. एका बाजूच्या खालच्या नळीवर बोटभर ओरखडा होता. "सर, हे आधीच सांगतो, नंतर कटकट नको," असे तो म्हणाला आणि त्याच क्षणी माझी अर्धी सावधगिरी गळून पडली. ज्याने न विचारता एक खोट दाखवली त्याच्याकडे दुसरी नसणार, असे मनाने परस्पर ठरवून टाकले. तो ओरखडा निव्वळ रंगाचा होता आणि त्याने फोर्कच्या कामात काडीचाही फरक पडणार नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आले.

सेट टीमध्ये आवळलेल्या अवस्थेतच होता. त्याने तो जमिनीवर उभा केला आणि मला वरून सर्व भार देऊन दाबायला सांगितले. फोर्क सावकाश खाली गेला, सावकाश वर आला. कुठे खडखड नाही, कुठे तेलाचा थेंब नाही. माझ्या गाडीच्या लुळ्या शॉकअपपुढे तो कडकपणा मला नव्यासारखा वाटला. पाइपांवर ते झाकणारे रबरी भाते चढवलेले होते. ते खाली सरकवून पाहू का, असे मी विचारले, तेव्हा "भाते काढले की क्लिपा तुटतात सर, फिटिंगच्या वेळी बघा की," असे उत्तर मिळाले. टीचे बोल्ट सैल करून एक पाइप बाहेर काढून दाखवायलाही त्याने याच गोडीने नकार दिला. पुढच्या सेटचे साडेपाच हजार आणि मागच्या जोडीचे अठराशे, असे सात हजार तीनशे रुपये मी मोबाइलवरून दिले. पैसे ज्या खात्यात गेले त्यावर दुसऱ्याच माणसाचे नाव होते. "मामाचं खातं आहे," असे तो म्हणाला आणि मीही मान डोलावली. पावती मागितली नाही.

वाईतले माझे मेकॅनिक आप्पा यांनी सेट हातात घेताच सांगितले, "सर, आधी उघडू. आतलं बघितल्याशिवाय घाटाच्या गाडीला लावायला मन धजत नाही." उघडायचे म्हणजे नवी ऑइल सील (पाइपाभोवती तेल अडवणारी रबरी कडी), नवे तेल आणि गाडी आणखी दोन दिवस गॅरेजमध्ये. सोमवारी मला कामावर जायचे होते. मी म्हटले, "आप्पा, कमी चाललेल्या गाडीचा आहे, तसाच बसवा." त्यांनी पुन्हा एकदा विचारले आणि मग बसवला. आप्पांचा यात यत्किंचितही दोष नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

पहिल्या दिवसापासून हँडल किंचित एका बाजूला ओढत होते. कोनसेट (हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग) जागेवर बसायला वेळ लागत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. लहान खडीवरून जाताना हातांना मुंग्या येत, कारण फोर्क मुळी दबतच नव्हता. नवव्या दिवशी संध्याकाळी घाट उतरताना एका वळणाआधी पुढचा ब्रेक दाबला, तर लिव्हर नेहमीसारखी घट्ट लागली पण गाडीचा वेग तसूभरही कमी होईना. मागच्या ब्रेकवर आणि गिअर खाली टाकत मी कसाबसा डोंगराच्या बाजूच्या गटारीलगत थांबलो. समोरून त्या वेळी एस.टी. आली नाही, एवढेच. खाली वाकून पाहिले तर डिस्कच्या बाजूच्या पाइपातून तेल उतरून नळीवरून ओघळले होते आणि डिस्क आणि पॅड दोन्ही तेलाने माखले होते.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी माझ्यासमोर फोर्क उघडला. आधी भाते खाली ओढले. सील जेथे वर-खाली घासते नेमक्या त्या पट्ट्यात क्रोमला गंजाचे खड्डे पडलेले होते आणि ते राखाडी रंगाच्या लांबीने (खड्डे बुजवायच्या पुट्टीने) भरून, वर पॉलिश मारून सपाट केले होते. डोळ्यांना ते दिसत नव्हते; आप्पांनी माझे बोट धरून नख पाइपवरून फिरवले तेव्हा ते अडखळले. चार-सहा ठिकाणची लांबी सुटून आली होती आणि तिच्या धारदार कडांनी नव्या दिसणाऱ्या सीलचा ओठ कातरून टाकला होता. मग टीचे बोल्ट सैल करून त्यांनी पाइप जागच्या जागी हाताने फिरवला. सरळ पाइप फिरवला तर शेजारच्या पाइपापासूनचे त्याचे अंतर सगळीकडे सारखे राहते. हा पाइप फिरताना खालचे टोक शेजाऱ्याकडे झुकले आणि पुन्हा दूर गेले. बाहेर काढून टेबलाच्या काचेवर लोळवल्यावर मधोमध कागद जाईल एवढी फट उघडझाप करू लागली. वाक खालच्या टीच्या लगेच खाली होता. समोरून धडक बसली की पाइप बहुधा याच जागी वाकतो आणि तो भाग भात्याच्या वरच्या टोकात झाकला जातो. गाडीचे इंजिन जाम झाले नव्हते, गाडी ठोकलेली होती.

सगळ्यात चलाखी तेलात होती. आतून निघाले ते फोर्क ऑइल नव्हतेच, मधासारखे जाड 90 नंबरचे गिअर ऑइल होते. फोर्कच्या आत तेल बारीक भोकांतून ढकलले जाते आणि त्या अडथळ्यानेच हिसके मुरतात. जाड तेल त्या भोकांतून मुंगीच्या पावलांनी जाते, म्हणून हाताने सावकाश दाबले की फोर्क भक्कम वाटतो, आतले बुश (पाइप ज्यांत सरकतो त्या कड्या) झिजलेले असले आणि स्प्रिंग दमलेली असली तरी. रस्त्यावरचा खड्डा मात्र क्षणात येतो आणि तेवढ्या वेळात जाड तेलाला वाट मिळत नाही. फोर्क दगडासारखा राहतो आणि सगळा धक्का हातांत येतो. शेडमध्ये मी जो कडकपणा कौतुकाने दाबून पाहिला होता, तो डबाभर तेलाचा होता. स्प्रिंगच्या डोक्यावर पीव्हीसी पाइपचा तुकडाही निघाला. स्प्रिंगला आधार म्हणून असा तुकडा घालणे तसे वावगे नाही, जाणकारही घालतात. पण येथे एका बाजूचा तुकडा दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दोन बोटे लांब होता, म्हणजे दोन्ही स्प्रिंगांवरचा दाब सारखा नव्हता.

मागच्या शॉकअपची कथा थोडक्यात सांगता येईल. आप्पांनी स्प्रिंग उतरवून मधला दांडा हाताने आत ढकलला. गॅस शाबूत असेल तर दांडा आपोआप बाहेर येतो. हा ढकलला तेथेच राहिला. गॅसच्या डबीवरचा स्टिकर नवाकोरा होता. तो नखाने सोलल्यावर त्याखाली भोक पाडून पितळी वेल्डिंगने बुजवल्याची गाठ दिसली.

मी विक्रेत्याला फोन केला. सुरुवातीला "तुमच्या फिटरनं आवळताना पाइप वाकवला असेल सर," असे उत्तर आले. लांबीचे फोटो पाठवल्यावर "जुना माल आहे, गॅरंटी बोललोच नव्हतो," आणि तिसऱ्या दिवसापासून त्याने माझा नंबर ब्लॉक केला. त्याने गॅरंटीचा शब्द खरोखरच उच्चारला नव्हता. पण नुसते इंजिन जाम झालेली, आठ हजार किलोमीटर चाललेली गाडी असे जाहिरातीत आणि तोंडीही सांगितले होते, आणि माझ्या मते फसवणूक या खोट्या कथनात आहे, माल जुना असण्यात नाही.

पोलीस ठाण्यात मी तक्रार अर्ज दिला. तेथील अंमलदारांनी शांतपणे तीन प्रश्न विचारले. तुम्ही आणलेले पाइप हेच, हे कशावरून? मूळ गाडीचा नंबर काय? पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याचा या विक्रीशी संबंध कशावरून? एकाचेही उत्तर माझ्याकडे नव्हते. खरेदीच्या वेळी मालाचे फोटो काढले नव्हते आणि जाहिरात तोवर काढून टाकलेली होती. दुसऱ्या प्रश्नाने तर मला घाम फुटला, कारण गाडी चोरीची असती तर तिचे भाग माझ्याच गाडीला लागलेले सापडले असते. आता कोणी मला जुने भाग घेण्याबद्दल विचारले तर मी आधी त्या गाडीच्या आरसी बुकाची प्रत मागायला सांगतो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवायला सांगतो आणि पैसे समोरच्या माणसाच्याच नावावर देऊन त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्यायला सांगतो. पाइप टीतून काढून, भात्याशिवाय, काचेवर लोळवून आणि नख फिरवून दाखवायला जो तयार नसेल, त्याच्या शेडमधून रिकाम्या हाताने परतावे. फोर्क हाताने दाबून पाहण्याला मी आता कवडीचीही किंमत देत नाही.

माझा मूळ बारीक फोर्क सुदैवाने जिन्याखाली ठेवलेला होता. त्याला नवे पाइप, नवे बुश, ऑइल सील आणि हँडबुकात दिलेले तेल घातले, मागे नवे शॉकअप बसवले, ब्रेकचे पॅड बदलले. मजुरी धरून नऊ हजार चारशे रुपये झाले. हेच काम आधी केले असते तर वरचे सात हजार तीनशे वाचले असते. गाडी आता खड्ड्यात दबते आणि लगेच सावरते. 37 मिलिमीटरची हौस फिटली.

तो सेट महिनाभर आप्पांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होता. एका मुलाने येऊन त्याचे बाराशे रुपये देऊ केले, जरा पॉलिश मारून घेतो म्हणाला. मी आप्पांना ग्राइंडर लावायला सांगितले. दोन्ही पाइप मधोमध कापले, तेव्हा कापाजवळची उरलेली लांबी टिकल्यांसारखी तडतडून उडाली. भंगारवाल्याने सगळे मिळून दोनशे दहा रुपये दिले.