घरच्या जनरेटरपायी माझे २,०१,००० रुपये कसे गेले, ते वाचा आणि सावध व्हा

आधी आकडे सांगते, म्हणजे कोणाला वाटायला नको की दोन-पाच हजारांसाठी बाई आरडाओरडा करतेय. आगाऊ ९२,५००. जनरेटरचा सेट दारात आल्यावर ७०,०००. फाउंडेशन, केबल, चेंजओव्हर (घराचा पुरवठा लाइनवरून जनरेटरवर बदलणारा स्विच) आणि अर्थिंगचे वेगळे ३८,५००. एकूण २,०१,००० रुपये. त्या बदल्यात माझ्या मागच्या अंगणात उभा आहे तो रंग मारलेला, साडेसात केव्हीएचा जुना डिझेल सेट. विहिरीचा दीड एचपीचा पंप लावला की तो बंद पडतो.

जनरेटर मी हौसेने घेतला नाही. सासूबाई ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा आमच्या भागात खांबच्या खांब झोपले आणि कित्येक आठवडे वीज नव्हती. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. इन्व्हर्टर एक रात्र काढतो, आठवडा काढत नाही. यजमान बोटीवर नोकरीला, त्यामुळे २०२५ च्या पावसाळ्याआधी काय ते मलाच ठरवायचं होतं.

ज्या ठेकेदाराकडून सेट घेतला, तो माणूस परका नव्हता. बाजारपेठेत त्याचं दुकान आहे, पाटीवर ठळक अक्षरात 'शासनमान्य विद्युत ठेकेदार'. देवळाची वायरिंग त्याची, वाडीतल्या लग्नांचं लायटिंग त्याचं. अशा माणसाकडे परवाना दाखव म्हणून कोण मागतं? शहरातल्या डीलरने २,३०,००० सांगितले होते, याने १,८५,००० सांगितले. "ताई, मधलं मार्जिन मी घेत नाही, आपल्या गावचं काम आहे." वर म्हणाला, शेवटचे २२,५०० सेट महिनाभर नीट चालला की मगच द्या. तिथेच मी निश्चिंत झाले. जो स्वतःहून पैसे मागे ठेवायला सांगतो, तो बुडवेल असं कोणाच्या मनात येईल? आज कळतंय, ते २२,५०० त्याला कधी नकोच होते. त्याचा नफा आधीच्या दोन हप्त्यांत निघून गेला होता. अशी सवलत कोणी देऊ केली, तर बाकीच्या रकमेचं पक्कं बिल आधी मागा.

आता ज्या क्षणाचा विचार करून अजून माझी झोप उडते, तो सांगते. टेम्पोतून सेट उतरवला, त्याने कॅनॉपीचं (सेटवरच्या पत्र्याच्या पेटीचं) दार उघडलं आणि ताज्या रंगाचा भपकारा आला. आत डिझेलच्या रबरी पाइपवरसुद्धा इंजिनाचाच रंग. रबरावर! नव्या सेटच्या पाइपावर कोण कशाला ब्रश फिरवेल? पॅनलवर अवर मीटरच्या (सेट किती तास चालला ते दाखवणाऱ्या मीटरच्या) जागी नुसती पत्र्याची चकती. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "मीटरचा स्टॉक नाही ताई, कंपनीकडून येतोय, आठवड्यात बसवतो." तेव्हा आत सासूबाईंना धाप लागली होती, लाइट गेलेली होती, चार गडी सेट धरून उभे होते. मी ७०,००० फोनवरून पाठवले, तेही त्याने सांगितलेल्या, त्याच्या मेव्हण्याच्या खात्यावर. घरात बसून वाचणाऱ्याला हे सोपं वाटेल. त्या वेळी माझ्या जागी कोणीही हेच केलं असतं.

अवर मीटर नसलेला सेट टेम्पोतून उतरवूनच घेऊ नका. नवा सेट जेमतेम चाचणीपुरता चाललेला असतो, मीटर शून्याच्या आसपास असतो. इंजिन आणि अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग), दोन्हींचे नंबर स्वतः वाचा, फोटो काढा आणि पैसे देण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. १ जुलै २०२३ नंतर बनलेल्या सेटला सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) फोर प्लसचं धुराचं मानक लागू आहे. ते लेबल सेटवर आहे का, बघा.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि सेट काळा धूर ओकू लागला. फ्रिजचा स्टॅबिलायझर जळला, त्याचे २,८०० वेगळे. ठेकेदार फोन उचलेना. शेवटी ८५० रुपये व्हिजिट भरून कंपनीचा मेकॅनिक आणला. त्याने नंबरप्लेटवरचा रंग खरवडला. इंजिन २०११ चं. मोबाइल टॉवरवरून निघालेले असे सेट भंगारात जातात आणि रंगून परत येतात, असं तो म्हणाला. त्याच्यासाठी रोजचंच होतं ते.

पण पैशांहून जास्त संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. अर्थिंगचे ९,५०० घेतले होते. खड्डा उकरला तर आत ना प्लेट, ना कोळसा, ना मीठ, हातभर सळीचा तुकडा आणि तार. चेंजओव्हर स्विचचा डबा बाहेर लावलेला, आत सेटची केबल थेट मेनला जोडलेली. म्हणजे आमचा सेट चालू असताना वीज उलटी लाइनवर जाणार, आणि लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेला लाइनमन मरणार. आमच्या घरामुळे! हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपला चेंजओव्हर दुसऱ्या वायरमनकडून उघडून तपासून घ्यावा, आजच.

मग सुरू झाले सरकारी हेलपाटे. पोलीस ठाण्यात सांगितलं, "मॅडम, हा दिवाणी मामला, कोर्टात जा." दिवाणी कसा? जुना माल नवा म्हणून विकून पैसे घेतले, ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे. अर्जावर आवक शिक्का मारला आणि फाइल कपाटात. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात तर कमाल झाली. ठेकेदाराचा परवाना क्रमांक द्या म्हणाले. मी म्हटलं, त्याच्याकडे परवानाच नाही, हीच तक्रार आहे. उत्तर आलं, "परवाना नाही, तर आम्ही रद्द काय करणार?" म्हणजे परवाना काढून चूक करणाऱ्यावर कारवाई, आणि परवानाच न काढणारा मोकळा! त्याच्या लेटरहेडवरचा जीएसटी क्रमांक मी पोर्टलवर टाकला, तर तो तिसऱ्याच जिल्ह्यातल्या हार्डवेअर दुकानाचा, आणि तोही रद्द झालेला. हे तुम्ही आगाऊ रक्कम देण्याआधी करा, दोन मिनिटं लागतात. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. नाव जुळलं पाहिजे, स्थिती चालू असली पाहिजे. जीएसटीवाल्यांनीही अर्ज घेतला आणि "बघू" म्हणाले.

सध्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालू आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची. वकिलाशिवायही चालतं. कायद्यात लिहिलंय तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारीख, पुन्हा तारीख, एकदा सदस्य नाहीत, एकदा नोटीस बजावलीच नाही. आणि त्याचं दुकान पाचशे पावलांवर उघडं! रोख दिलेल्या ३८,५०० चा पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त त्याच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी आहे. रोख देऊ नका. द्यावीच लागली तर सहीची पावती घेतल्याशिवाय पैसे हातातून सोडू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा.

पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत, म्हणून आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवतेय. सोबत खरवडलेल्या प्लेटचा फोटो आणि मेकॅनिकचा लेखी अहवाल जोडला आहे. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाईन. याच माणसाने आणखी कोणाकडे सेट बसवला असेल, तर त्यांनी आपला इंजिन नंबर बघून मला कळवावं. दोन-तीन तक्रारी एकत्र झाल्या, तर दिवाणी मामला म्हणून हाकलून देणं त्यांना जड जाईल.