बाँडपट जमवायचे तर: अख्खा संच, सुट्या डिस्क की फोर-के?

'डॉक्टर नो' (1962) ते 'नो टाइम टु डाय' (2021) असे इऑन या निर्मितीसंस्थेचे 25 बाँडपट. 1967 चा 'कसिनो रोयाल' आणि 1983 चा 'नेव्हर से नेव्हर अगेन' इऑनचे नाहीत, त्यामुळे ते कुठल्याच अधिकृत संचात सापडणार नाहीत. हवे असतील तर सुटेच घ्यायचे.

2012 मध्ये निघालेल्या 'बाँड 50' या ब्लू-रे संचात 22 चित्रपट, एक पुरवणी डिस्क आणि 'स्कायफॉल'साठी मोकळी ठेवलेली जागा आहे. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस', 'द स्पाय हू लव्हड मी', 'गोल्डनआय' धरून नऊ चित्रपट यातूनच पहिल्यांदा ब्लू-रेवर आले. एका फटक्यात बहुतेक मालिका हाती येते, हा त्याचा मोठा गुण. खोट वेष्टनात आहे. डिस्क जाड पुठ्ठ्याच्या पानांतल्या खाचांत सरकवलेल्या असतात आणि काढता-घालताना खालची बाजू घासली जाते. सरळ साध्या प्लॅस्टिकच्या डब्यांत हलवाव्यात.

जुना संच घेताना सगळ्या, म्हणजे 23 डिस्क मोजा, तिरप्या उजेडात खालची बाजू बघा आणि प्रत्येक चित्रपटाचा मधला भाग चालवून पाहा. दुहेरी थराची डिस्क आतून बाहेर आणि मग बाहेरून आत वाचली जाते. त्यामुळे काठाजवळच्या ओरखड्याने चित्र अडकते ते साधारण मध्यावर. नुसती सुरुवात पाहून व्यवहार केला तर हा दोष नजरेतून सुटतो.

सुट्या डिस्क महाग पडतात, पण नावडते चित्रपट टाळता येतात. इथे रीजन कोड तपासाच: साध्या ब्लू-रेला ए, बी, सी असे विभाग असतात आणि प्लेअरशी न जुळणारी डिस्क चालतच नाही. फोर-के यूएचडी, म्हणजे ब्लू-रेहून बारीक तपशील दाखवणाऱ्या, डिस्कला रीजन नसतो; मात्र तिला यूएचडी प्लेअरच लागतो, साधा ब्लू-रे प्लेअर ती वाचत नाही.

फोर-केमध्ये डॅनियल क्रेगचे पाचही चित्रपट आहेत, 2025 मध्ये शॉन कॉनरीचे सहा आले. कॉनरीवर जीव असेल आणि टीव्ही चांगला एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त खुलवणारा) असेल तर हे सहा फोर-केमध्येच घ्यावेत. टीव्ही साधा एचडी असेल तर जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ नाही, कारण या जुन्या चित्रपटांचे ब्लू-रे मुळात उत्तम आहेत. ब्लू-रेमधला ठळक अपवाद मात्र नंतरच्या 'गोल्डनआय'चा: त्यातला फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातले मूळचे बारीक कण, इतका पुसलाय की चेहरे मेणाचे वाटतात. तो फक्त मालिका पुरी करण्यासाठी घ्यावा.

डिस्क कुठलीही घ्या, टीव्हीची एक सेटिंग बघा. पहिले तीन चित्रपट 1.66:1 (रुंदी:उंची) चे आहेत, म्हणून डावी-उजवीकडे बारीक काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. दिसत नसतील तर ओव्हरस्कॅन चालू आहे आणि चित्राच्या कडा कापल्या जाताहेत. तो बंद करा. 'थंडरबॉल'पासून रुंद चित्र सुरू होते आणि पट्ट्या वर-खाली जातात. अपवाद 'लिव्ह अँड लेट डाय' आणि 'द मॅन विथ द गोल्डन गन' हे दोन, ते जवळजवळ पूर्ण पडदा भरतात.