एक्सल पुढे घेतलेली व्हीलचेअर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची आणि मागच्या एक्सलची (मागची मोठी चाके ज्यावर फिरतात त्या आसाची) जागा बदलता येणारी ही व्हीलचेअर मी गेले काही महिने रोज वापरत आहे. तिचे वजन कमी आहे आणि उचलून गाडीत ठेवताना ते लगेच कळते. पण सपाट जमिनीवर खांद्यांना जो आराम मिळाला, त्याचे श्रेय मी वजनापेक्षा एक्सलच्या जागेला देईन.

खुर्ची आली तेव्हा एक्सल बराच मागे होता. त्यामुळे प्रत्येक वेळी रिम (चाकाला बाहेरून जोडलेली, हाताने ढकलायची कडी) धरण्यासाठी खांदा मागे ताणावा लागे, शिवाय शरीराचा बराच भार पुढच्या लहान चाकांवर पडून खुर्ची जड चाले. फिजिओथेरपिस्टने एक्सल थोडाथोडा पुढे घेतल्यावर रिम हाताखाली आली, एकेक ढकल लांब झाली आणि तेवढ्याच अंतराला हात कमी वेळा मारावे लागू लागले. मात्र अशी खुर्ची मागे लवकर कलते, म्हणून मागे न उलटण्यासाठीची आधारचाके मी अजूनही काढलेली नाहीत.

मज्जारज्जूच्या इजेनंतर हात कसे जपावेत, याविषयी अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत रिमच्या सर्वांत वरच्या बिंदूवर हात ठेवला असता कोपराचा कोन 100 ते 120 अंश असावा, असे म्हटले आहे. जाड उशी घेतल्याबरोबर बैठक वर गेली, कोपर जवळजवळ सरळ झाले आणि रिमचा थोडासाच भाग हाताच्या टप्प्यात उरला. तेव्हा या कोनाचे महत्त्व मला नीट पटले. उशी बदलली की हा कोन पुन्हा तपासायलाच हवा.

ढकल संपल्यावर हात कोणत्या वाटेने मागे येतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. रिम सोडल्यावर हात तिच्या खालून, सैल सोडून मागे आणला की खांदा वर उचलला जात नाही आणि पुढची पकड शांतपणे घेता येते. ही सवय अंगवळणी पडायला वेळ लागतो. चढावर मात्र हात सुटताच खुर्ची मागे घसरू लागते, त्यामुळे तेथे रिमलगतच आखूड हालचाल करणे भाग पडते.

मनगटाबाबत मी पूर्ण समाधानी नाही. रिम गुळगुळीत असल्याने ती घट्ट आवळावी लागते, मनगट मागे वाकलेले असतानाच जोर पडतो आणि उतारावर वेग आवरताना तळवा तापतो. हातमोज्यांशिवाय लांब उतार मी टाळतो. पलंगावरून खुर्चीत सरकताना खांद्यांवर येणारा भार तर कोणतीही खुर्ची कमी करत नाही.

एक्सल हलवल्यावर ब्रेकही त्याच मापाने पुढे सरकवावे लागतात, नाहीतर ते टायरला नीट टेकत नाहीत. ही गोष्ट खुर्चीसोबतच्या पुस्तिकेत ठळकपणे द्यायला हवी होती.