फिकट करड्याची कसोटी : कृष्णधवल छपाईचे तीन शाईसंच

इंकजेटवर कृष्णधवल छायाचित्रे छापणाऱ्यांची चर्चा बहुधा काळा रंग किती गडद येतो यावरच रेंगाळते. वास्तविक पुरेसा गडद काळा आज कोणतीही चांगली पिगमेंट शाई, म्हणजे रंगद्रव्याचे बारीक कण असलेली शाई, देते. शाईसंचांमधला फरक उघड होतो तो कागदाच्या पांढऱ्याला लागून असलेल्या अगदी फिकट करड्या छटांमध्ये, आणि प्रिंट एका प्रकाशातून दुसऱ्या प्रकाशात नेल्यावर. ठाण्यात नियमित छपाई करताना हे मत पक्के होत गेले, आणि या तुलनेत मी त्यालाच सर्वाधिक महत्त्व दिले आहे.

तुलनेसाठी ऐरोलीच्या खाडीतले, ओहोटीच्या वेळचे फ्लेमिंगोंचे छायाचित्र निवडले. त्यात खारफुटीच्या मुळांखालचा ओला चिखल जवळजवळ काळा आहे, पंख जवळजवळ पांढरे आहेत आणि मागचे आकाश धुरकट, म्हणजे शाईला कोठेच लपायला जागा नाही. कागद तिन्ही वेळा एकच, हानेम्यूलेचा ३०८ ग्रॅमचा सुती फोटो रॅग. संच तीन : एप्सन एससी-पी८०० या प्रिंटरची मूळ अल्ट्राक्रोम एचडी शाई, केवळ कार्बनवर आधारलेली एबोनी, आणि पीझोग्राफी या कृष्णधवल छपाईपद्धतीचा के७ सेलेनियम. नंतरचे दोन्ही संच कृष्णधवल कामासाठीच राखून ठेवलेल्या जुन्या प्रिंटरांत भरलेले होते.

एप्सनच्या संचात काळ्याच्या तीन तीव्रता असतात : पूर्ण काळी, फिकट आणि अतिफिकट. ‘अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ या पर्यायात प्रिंट मुख्यतः या तिघींवरच उभी राहते आणि छटा थंड किंवा उबदार करण्यापुरती रंगीत शाई मिसळली जाते. नेहमीच्या रंगीत पद्धतीने काढलेल्या करड्या प्रिंटपेक्षा ही कितीतरी स्थिर असते. खिडकीजवळ तटस्थ दिसणारी प्रिंट दिवाणखान्यातल्या एलईडीखाली हिरवट दिसण्याचा त्रास येथे बराच कमी होतो. चिखलाचे पोत उत्तम उतरले. पंखांवर मात्र भिंग धरल्यावर सुटे ठिपके मोजता येतील इतके स्पष्ट दिसले. हातभर अंतरावरून ते ठिपके दिसत नाहीत, पण पंखाची गोलाई किंचित सपाट झाली आहे हे जाणवते. पी८०० वर आणखी एक गैरसोय आहे : चमकदार कागदासाठीची फोटो ब्लॅक आणि मॅट कागदासाठीची मॅट ब्लॅक या काळ्या शाया एकाच नळीतून जातात, त्यामुळे चमकदार कागदावरून मॅट कागदावर येताना दरवेळी शाई वाया जाते. २०२० मध्ये आलेल्या पी९०० मध्ये ही अडचण दूर झाली आहे.

एबोनीची गोष्ट निराळी आहे. ही मॅट काळी शाई रंगहीन द्रवात कमी-अधिक पातळ करून करड्या छटा तयार करतात, आणि त्यासाठीची मिश्रणे छायाचित्रकार पॉल रोर्क यांनी सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. रंगद्रव्य निव्वळ कार्बनचे असल्याने टिकाऊपणात तिच्याशी स्पर्धा करणे अवघड आहे; रंगीत पिगमेंट मिसळून तटस्थ केलेल्या प्रिंटमध्ये तो रंग कार्बनच्या आधी उडतो आणि छटा हळूहळू सरकते, तो धोका येथे उरत नाही. त्याची किंमत म्हणजे उबदार, तपकिरीकडे झुकणारा सूर. जुने वाडे, दगडी मंदिरे, वृद्ध चेहरे यांना तो शोभतो. खाडीच्या सकाळीला तो मला मानवला नाही. शिवाय ही शाई फक्त मॅट कागदासाठीच आहे.

पीझोग्राफी हा अमेरिकेतल्या व्हरमाँटमधील जॉन कोन यांचा प्रकल्प. के७ संचात एकाच काळ्याच्या सात तीव्रता प्रिंटरच्या वेगवेगळ्या कार्ट्रिजांत भरतात, आणि रॉय हॅरिंग्टन यांच्या क्वाडटोन रिप या सॉफ्टवेअरमधून कोणती शाई कोठे किती पडावी हे ठरते. सर्वांत फिकट शाई इतकी पातळ असते की उजळ भागातही ठिपके एकमेकांना भिडून कागद झाकतात. फ्लेमिंगोच्या मानेखालची पिसे, जी पहिल्या प्रिंटमध्ये एकच पांढरा पट्टा झाली होती, ती येथे एकेक ओळखता आली, आणि भिंगाखालीसुद्धा धुरासारख्या सलग छटेशिवाय काही दिसले नाही. सेलेनियमची किंचित थंड छटा धुरकट आकाशाला नेमकी बसली. मॅट कागदावर इतकी समाधानकारक इंकजेट प्रिंट मी दुसरी पाहिलेली नाही.

काळ्याच्या घनतेचे आकडे मॅट कागदावर साधारण १.६ ते १.७ च्या आसपास येतात, म्हणजे सर्वांत गडद भागातूनही पडलेल्या प्रकाशाचा सुमारे दोन टक्के भाग परत येतो. बराइटा या चमकदार फोटो कागदावर घनता २.२ च्या पुढे जाते. काचेमागे लावल्यावर हा फरक पुष्कळसा पुसला जातो.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार मात्र खरेदीपूर्वीच करावा. सुती कागद दमट हवा शोषून कडेला लाटा धरतो आणि अशा वेळी प्रिंटरचे हेड कागदाला घासते, म्हणून कागद बंद पिशवीत सिलिका जेलसह ठेवावा. ताजी प्रिंट लगेच फ्रेम केली, तर शाईतले द्रव बाहेर पडून काचेच्या आतून धुके धरते. जून ते सप्टेंबरमध्ये वाळायला अधिक अवधी द्यावा. महिनाभर वापर नसेल, तर पिगमेंट तळाशी बसते आणि पहिल्या काही प्रिंट फिक्या येतात, तेव्हा कार्ट्रिज हलक्या हाताने हलवून नोझल, म्हणजे हेडमधली शाईची बारीक छिद्रे, तपासूनच काम सुरू करावे. सात तीव्रतांच्या संचात एक नोझल जरी बंद असले, तरी छटांच्या उतारावर पट्टा उमटतो.

पीझोग्राफी परदेशातून मागवावी लागते, सीमाशुल्क भरावे लागते, आणि तो संच भरलेला असेपर्यंत त्या प्रिंटरवर रंगीत छपाई करता येत नाही. लग्नाचे अल्बम आणि प्रदर्शनाची कृष्णधवल प्रिंट एकाच यंत्रावर काढणाऱ्याने एप्सनची मूळ शाईच ठेवावी. ज्यांच्याकडे चांगल्या हेडचा जुना प्रिंटर पडून आहे आणि जे मॅट कागदावर सातत्याने कृष्णधवलच छापतात, त्यांनी तो प्रिंटर के७ साठी द्यावा.