फेनोबार्बिटोन की लेव्हेटिरासिटाम?
गुहागरच्या मावसबहिणीच्या तान्ह्याला आकडी येते. डॉक्टरांनी या दोन औषधांचे पर्याय सांगितले आणि ती अडली. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात असून स्वस्त आहे. ते मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम वाढवते, मात्र नवजाताच्या चेतापेशींत क्लोराइड जास्त असल्याने हेच गाबा कधी उलट उत्तेजनही देऊ शकते. शिवाय बाळ पेंगते, दूध नीट ओढत नाही. लेव्हेटिरासिटाम एसव्हीटूए या प्रथिनाला चिकटून चेतापेशींतून होणारे संदेशद्रव्यांचे स्रवण आवरते. पेंग कमी, किरकिर मात्र जास्त, आणि सिरप सुईविना सिरिंजने रेषेवर मोजून दिवसातून दोनदा पाजावे लागते. तरीही २०२० साली प्रसिद्ध झालेल्या नवजातांवरील चाचणीत जुनेच औषध सरस ठरले: चोवीस तास आकडी थांबली ती ८० टक्के बाळांत, लेव्हेटिरासिटामने फक्त २८ टक्के बाळांत. म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत फेनोबार्बिटोन, तर पुढे महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचारांसाठी बहुधा लेव्हेटिरासिटाम. दोन्हींपैकी काहीही डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये.